भावजींसाठी ऐपतीचा दाखला

मार्गशीर्षातला सोमवार, साल १९४६. ठिकाण सातारा जिल्ह्यातलं आमचं कृष्णाकाठचं गाव. चावडीवर हजर: मामलेदार कचेरीतले अव्वल कारकून, आमचे शेजारी तात्या आणि रोजची बसणारी मंडळी. घरी हजर: माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणत असे. गैरहजर: मामंजी, धाकटे भावजी आणि मी. माझे यजमान पलटणीत होते, त्यांची गैरहजेरी कायमचीच. पण आम्ही तिघं नेमके त्या दिवशी सांगलीला गेलो होतो, आणि पुढचा सगळा घोळ त्यातून झाला.

भावजींना इंग्लंडमध्ये एका कॉलेजात साखरेच्या यंत्रांचं शिक्षण घ्यायला जागा मिळाली होती. मुक्काम तीन वर्षांचा. पासपोर्टाच्या अर्जाला एक कागद जोडायचा होता: मुलाचा तिथला खर्च आणि परतीचं भाडं या घराला झेपेल, असा सरकारी दाखला. तो महिन्याअखेर साताऱ्याला पोचला नाही तर जागा दुसऱ्याला जाणार. लढाईवरून सुटून आलेली मुलं रांगेत उभी होती. पुढच्या वर्षाचा भरवसा कुणी देत नव्हतं.

आमचा गूळ सांगलीच्या पेठेत जायचा. वाटलं, तिथल्या अडत्याची गूळविक्रीची चिठ्ठी आणली की काम झालं. कचेरीत सांगितलं, "सांगली हे संस्थान. तिथला कागद जोडा हवं तर, पण आमची चौकशी गावात होणार." कारकून बुधवारी येणार असं कळलं. म्हणून सोमवारी आम्ही अडत्याची चिठ्ठी आणायला आणि भावजींचे फोटो काढायला सांगलीला गेलो. निघताना मामंजी आत्याबाईंना एवढंच म्हणाले, "सरकारी माणूस यायचा हाय. तयारी ठेव."

कारकून सोमवारीच आले.

दिवेलागणीला आमची गाडी गावाजवळ आली, तर तात्या वाटेवर उभे. चेहरा असा की लेकीचं लग्न पार पाडून आलेत.

"आबा, कायबी काळजी करू नका. कचेरीतला माणूस आलता. सांभाळला."

"सांभाळला म्हंजे?" मामंजींनी कासरा ओढला.

"तुमचं उत्पन्न इचारत हुता. म्हटलं, रावसाहेब, कसलं उत्पन्न आन् कसलं काय! नदी दर साली रान खाती. उसाला हुमणीची कीड. बैलं म्हातारी. थोरला पलटणीत गेला त्यो पोटासाठीच. समद्यांनी असंच सांगितलं. एक माणूस फुटला न्हाई."

भावजी गाडीतून उतरले. "तात्या, मला इंग्लंडला जायचंय."

"मग जा की."

"त्यासाठीच विचारत होता तो. घरात पैसा आहे का म्हणून."

तात्यांनी आमच्या तिघांच्या तोंडाकडे पाहिलं. "म्हंजे? त्येला गरिबी चालत न्हाई व्हय?"

आम्ही घरी आलो तर आत्याबाई ठिगळाचं लुगडं नेसून उंबऱ्यात बसलेल्या. तांब्यापितळेची सगळी भांडी नाहीशी. ती आणि गुळाच्या ढेपा कडब्याच्या गंजीत. रानात आमचंच गुऱ्हाळ चालू होतं, उकळत्या रसाचा वास अंगणापर्यंत येत होता, आणि त्या वासात बसवून त्यांनी कारकुनांना बिनगुळाचा काळा चहा पाजला होता.

"आत्याबाई, हे काय केलंत?"

"तयारी," त्या म्हणाल्या. "तुज्या सासऱ्यानंच सांगितली."

त्यांचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. लढाईच्या सालांपासून धान्याची लेव्ही, म्हणजे सरकारची सक्तीची वसुली, चालू होती. उत्पन्न विचारायला आलेला माणूस जाताना पोती घेऊन जातो, हे गावाला पाठ होतं. एकमेकांना सांभाळायची ती रीतच पडली होती.

मामंजी तसेच चावडीवर गेले. कारकुनांचा मुक्काम तिथेच होता. ते म्हणाले, "तुम्ही स्वतःबद्दल सांगणार ते मी कसं धरू? लिहिलंय ते तात्यांसकट तिघा पंचांनी सांगितलेलं आहे. पंच जबाब बदलत असतील तर उद्या नवा लिहीन. दुपारी मी पुढच्या गावाला जाणार."

पण पंच बदलायला तयार होईनात. तात्यांनी मामंजींना बाजूला घेऊन साफ सांगितलं, "आबा, माझं रान तुमच्या रानाला लागून. तुमचं पीक एवढं म्हटलं की माझं केवढं, ते त्येला कळत न्हाई व्हय? पोरगं तुमचं जाईल इंग्लंडला आन् लेव्ही येईल माझ्या दारात."

मामंजींनी घरी येऊन ते जसंच्या तसं सांगितलं. तात्यांचं म्हणणं खरं होतं. भावजी फोटोंची पाकिटं हातात घेऊन ओसरीवर बसले होते. त्या रात्री ते जेवायलाही उठले नाहीत.

मी दुसऱ्या दिवसाची यादी केली. एक, कारकुनांना जेवायला बोलावणं. दोन, भांडी गंजीतून काढणं, घासणं. तीन, पुरण. चार, तात्यांना त्याच पंगतीला बसवणं. पाचव्या आकड्यापुढे मी काही लिहिलं नव्हतं; तिथे काय करायचं ते मला माहीत नव्हतं.

सकाळी कारकून आले ते आढेवेढे घेतच. गरिबाघरी कशाला खर्च, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. ओसरीवर पितळी ताटं, ताटांत पोळ्या, पुरणाच्या डाळीच्या येळवणीची आमटी, वाटीत काठोकाठ तूप. आत्याबाई हिरवंगार इरकली लुगडं नेसून वाढायला उभ्या. नव्या गुळाचा खडा त्यांनी ताटात ठेवला, त्याला कडब्याचं पातं चिकटलेलं.

कारकुनांनी ते दोन बोटांनी उचललं. "आजी, काल तर गूळ नव्हता."

"काल तुमी सरकार हुता," आत्याबाई म्हणाल्या. "आज पाव्हणं हाय. वाढू आणखी तूप?"

कारकून एवढे हसले की त्यांना ठसका लागला. तात्यांनी त्यांच्या पाठीवर थोपटलं आणि पाणी पुढे केलं.

जेवण झाल्यावर मात्र त्यांनी दौत काढली. "मला दिसलं ते दिसलं. पण कागदावर पंच लागतो. तात्या, सांगा. यांचं उत्पन्न किती?"

तात्यांनी सुपारी कातरायला घेतली. "हे कागद लेव्हीवाल्याकडं जात्यात?"

"त्याचं टेबल वेगळं, माझं वेगळं."

"टेबलं वायली असत्यात रावसाहेब, खोली एकच."

सगळं पुन्हा तिथेच येऊन थांबलं. भावजी खांबाला टेकून उभे होते, आणि त्यांच्याकडे पाहायचं सगळेच टाळत होते. मी माजघराच्या दारात होते. बाहेर पुरुष बोलत असताना सुनेनं मध्ये पडायचं नाही, पण महिनाअखेर जवळ आली होती. मी दारातूनच विचारलं, "दाखला उत्पन्नाचा हवाय की ऐपतीचा?"

कारकुनांनी अर्ज उलटून पाहिला. "ऐपतीचा."

"मग ऐपतच विचारा ना. उत्पन्न कशाला विचारता?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग तात्यांकडे वळले. "बरं. ऊस किती, गूळ किती, मला काही नको. या घरातून मुलाला तीन वर्षं पैसे जातील का?"

तात्यांचा अडकित्ता थांबला. "जातील की! न जायला काय झालं?"

"कशावरून म्हणता?"

"जन्मापासनं शेजारी हाय मी. ह्यांनी शब्द दिला आन् पाळला न्हाई, असं झालं न्हाई कवा. घरची उपाशी ऱ्हातील, पर पोराला धाडतील."

"उपाशी लिहीत नाही."

"नका लिहू. लिवा, लय मातबर घर. दारात हत्ती झुलंल एवढं..."

"तात्या, बेतानं. इंग्लंडला एकटाच जातोय, हत्ती नाही."

चावडीवरचे बाकीचे दोघे पंच तोवर ओसरीपाशी येऊन उभे होते. उत्पन्नाचं नाव नाही म्हटल्यावर त्यांनीही अंगठे उठवले. कारकुनांनी शाई वाळवली, कागद घडी करून पिशवीत टाकला आणि जाताना आत्याबाईंना नमस्कार केला. आत्याबाईंनी त्यांच्या पिशवीत गूळ टाकायला हात पुढे केला, तर ते मागे सरले. "आत्ता मी परत सरकार झालो, आजी."

दाखला वेळेत साताऱ्याला पोचला. पासपोर्ट आला, बोटीची तारीखही आली. मी नवी यादी केली आणि एकेक काम खोडत गेले: पेटी, दातांचा डॉक्टर मिरजेत, लसीचा दाखला, लोणच्याच्या बरण्या, आत्याबाईंचा मेतकुटाचा डबा. एक काम काही केल्या खोडता येईना. तिकडच्या थंडीसाठी भावजींना लोकरी कोट हवा होता, आणि कापड रेशनवर. माधवनगरच्या गिरणीत सुती मिळत होतं, लोकरीचं नाव नाही. सांगलीतल्या दुकानदाराने हात झाडले. साताऱ्यात एक शिंपी पलटणीतले जुने कोट उसवून नवे शिवतो, असं तात्या म्हणाले, पण त्याचा पत्ता त्यांना धड सांगता येईना. बोटीची तारीख जवळ आली होती. मी यादीच्या शेवटी लिहिलं: तो शिंपी शोधणं.