सत्याप्पा आईच्या मातीला का आला नाही

निपाणीच्या आसपासच्या खेड्यांतनं कुणी कतारला निघालं की आधी सत्याप्पा गवंड्याच्या दारात येतं. नऊ वर्षं त्यानं तिथं बांधकामावर काढली. सल्ला फुकट, फक्त बॅग उघडायला लावतो. तळापर्यंत उपसतो, चटणीची पुडीसुद्धा हुंगून बघतो. पोरं त्याला मागनं 'कस्टमवाला' म्हणतात.

पण गावात त्याला मान अर्धाच. अकरा वर्षांमागं सुट्टी संपवून तो परत गेला आणि पंधरा दिवसांत त्याची आई वारली. फोनावर फोन केले, उचलला नाही. चार महिन्यांनी आला तो कायमचाच. कंपनी बंद पडली म्हणाला. "पैका सुटंना, म्हनून आईच्या मातीला आला न्हाय," असं गाव बोललं. बायको कोंडाबाईही भांडणात हेच काढायची. तो खाली मान घालून ऐकायचा.

गेल्या महिन्यात त्याच्या धाकट्या भावाची पोरगी सुनयना तिथल्या दवाखान्यात नर्स म्हणून निघाली. आदल्या दिवशी सकाळी तिची बॅग सत्याप्पाच्या घरी, पुढच्या सोप्यात उघडली.

"ह्या गोळ्या कसल्या?"

"डोकं दुखल्यावरच्या, आप्पा."

"डाक्टरची चिठ्ठी जोड. पासपोर्टच्या दोन झेरॉक्स येगळ्या ठेव. खांदं-गुडघं झाकतील असली कापडं घे. रमजानात दिवसा चारचौघांत पानीबी प्यायचं न्हाय. न इचारता बायकांचा फोटू काडायचा न्हाय."

"मग करायचं तरी काय तिथं?"

"काम. मानसं चांगली हाईत गं, घरात बोलवून जेवाय घालत्यात. कायदा तेवढा लई कडक."

तेवढ्यात कोंडाबाई स्टीलचा डबा घेऊन आली. "ह्यो वरच ठेव. अनारसं हाईत. तुज्या आप्पालाबी दर खेपंला द्याची मी."

सत्याप्पानं झाकण काढलं. अनारशांवर खसखस दाट बसलेली.

"हे न्हाय जायचं. खसखस हाय. अफूच्या बोंडातनं येती ती. तिथं गुन्हा हाय."

"अनारशावरनं कोन आत घालतंय वो? कुनी सांगितलं तुमास्नी?"

"ऐकलंय."

"ऐकल्यालं लई असतंय! ने गं तू."

कोंडाबाईनं डबा बॅगेत कोंबला. काकीचं मन मोडवेना म्हणून सुनयना चेन ओढू लागली. सत्याप्पानं तिचा हात धरला.

"पोरी, ऐक. मी चार म्हैने आत हुतो."

कोंडाबाई बघतच राहिली. "कवा?"

"फोन काडून घेतल्याला. आई गेलेली मला सुटल्यावर कळलं."

"कशापायी आत?"

त्याची नजर बॅगेतल्या डब्याकडं गेली. सुनयनानं चेन उघडली, डबा काढून जमिनीवर ठेवला. कोंडाबाईनं डब्याकडं बघितलं, मग नवऱ्याकडं बघितलं.

"अकरा वर्सं मी तुमाला... मला का न्हाय सांगितलं?"

"सांगून आई परत आली असती व्हय?"

"मी आत्ता गल्लीत सांगते."

"नगं. तुज्याकडं बोट करतील. मला सवय झालीया."

दुसऱ्या दिवशी सुनयना डब्याशिवाय एसटीत बसली. ती गेल्यावर कोंडाबाई चुलीपुढं नखानं अनारशांवरची खसखस खरवडत बसली. तळलेली खसखस निघत नाही, अनारसाच मोडतो. तरी डबा संपेपर्यंत उठली नाही.

परवा नळावर कुणीतरी बोलता बोलता काढलंच, "सत्याप्पा काय, आईच्या मातीला न आलेला मानूस."

कोंडाबाईनं मान खाली घातली. घागर अर्धीच भरली होती, तशीच उचलून ती घरी आली.