डाव्या स्टिअरिंगची गाडी

नोकरीतली बहुतेक प्रकरणं फाइल बंद झाली की माझ्या डोक्यातूनही गेली. पेणचं एक मात्र अजून आठवतं, आणि तसं ते किरकोळच होतं.

मी तेव्हा पेणला सहायक पोलीस निरीक्षक होते. सकाळची हजेरी आटोपत होती तेवढ्यात गागोद्याकडच्या एका वाडीतले सत्तरीचे शेतकरी मुंबईच्या एका एजंटाबरोबर फिर्याद द्यायला आले. खळ्यावर उभी असलेली मुलाची गाडी चोरीला गेली होती. सगळं एजंट बोलत होता, काका नुसती मान हलवत होते. ज्याची वस्तू जाते तो दुसऱ्याला बोलू देत नाही. हे मी तेव्हाच मनात टिपून ठेवलं.

गाडी साधी नव्हती. मुलगा आखातात नोकरीला होता. तिथं घेतलेली गाडी त्यानं जहाजानं इकडे आणली, कारण कोणीतरी त्याला सांगितलं होतं की एकदा गाडी उतरली की पुढचे कागद होतात. ते होत नाहीत. तिकडे रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात, म्हणून स्टिअरिंग डावीकडे. दिव्यांचा झोतही उलट्या बाजूला, म्हणजे आपल्याकडे समोरून येणाऱ्याच्या थेट डोळ्यांत. धुराचे आणि सुरक्षेचे नियम वेगळे. आरटीओनं नोंदणीला सरळ नकार दिला. गाडीला सहा महिन्यांची तात्पुरती परवानगी होती. मुदतीत ती देशाबाहेर गेली नाही तर कस्टम मुलावर कारवाई करणार होतं. मुलाची रजा संपली, तो विमानानं परत गेला आणि गाडी खळ्यावर राहिली. आता ती परत पाठवायला त्यानं या एजंटाला अधिकारपत्र दिलं, तर गाडीच गायब.

गुन्हा नोंदवला, पंचनामा केला. परदेशी नंबरची, डाव्या स्टिअरिंगची गाडी पेणच्या रस्त्यानं गेली असती तर नाक्यावरच्या पानवाल्यानंही सांगितलं असतं. कोणीच पाहिली नव्हती.

महिन्याभरानं रोह्याहून एका हवालदाराचा फोन आला. रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावातला एक गॅरेजवाला त्याच्या ओळखीचा होता.

"मॅडम, तुमच्याकडचा एक म्हातारा एसटीनं बॅटरी घेऊन येतो, चार्ज करून नेतो. बॅटरीवर अरबी अक्षरं हायत. गॅरेजवाला म्हणतो, एवढं वजन उचलून हा पेण सोडून आमच्याकडं कशाला येतो?"

चोरीला गेलेल्या गाडीची बॅटरी कोणी चार्ज करत बसत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या हवालदारांना घेऊन मी वाडीवर गेले. आधी शेजारच्या घरी थांबले. शेजारीण अंगणात वाल निवडत होती.

"गाडी? आमी नाय बघितली," ती म्हणाली. मी विचारलंही नव्हतं.

"बरं. काका कसे आहेत?"

"एकटेच. बायको गेली तवापासून चूल एकदाच पेटवतात. पण मॅडम, माणूस तऱ्हेवाईक हो. सोताची एवढी उडवी उभी हाय, नि गाईला पेंढा आमच्याकडनं नेतात."

उडवी म्हणजे भाताच्या पेंढ्याची रचून ठेवलेली गंजी. मी शेतकऱ्याच्या घरातली आहे. मळणी झाली की उडवी रचतात आणि गुरांसाठी एका बाजूनं उपसत जातात, शिमग्यापर्यंत तिला भगदाड पडलेलं असतं. काकांची उडवी चारी बाजूंनी शाबूत होती. शिवाय ती गोल नव्हती, लांबट होती.

मी काकांच्या ओटीवर जाऊन बसले. काकांनी पाणी दिलं.

"काका, तुमच्या गाईला तुमचा पेंढा का चालत नाही?"

"खालून दमट झालाय."

"मग उपसून वाळत घालू. हवालदारांना सवय आहे."

हवालदार बाह्या सरसावू लागले.

"नको," काका म्हणाले. "आत गाडी हाय."

मी कागद पुढे ओढला आणि कारण विचारलं.

"तो सांगून गेलता, गाडी ज्याच्या नावानं आली त्यालाच न्यायला लागते. म्हणजे सहा महिन्यांत येणारच होता. मग हा एजंट आला. याच्या हातात गाडी दिली तर तो कशाला येतोय? आईच्या कार्यालाबी चारच दिवस आलता."

"आणि गाडी सापडलीच नाही तर?"

"तर सरकार त्याला बोलवणार. सरकारनं बोलावलं तर यायलाच लागतं ना?"

मी त्या वेळी पेणच्या क्वार्टरमध्ये एकटीच राहत होते. त्यांचं म्हणणं समजायला मला वेळ लागला नाही. पण जबाबात त्याला रकाना नसतो.

"काका, कस्टमची नोटीस मुलाच्या नावावर निघाली आहे. तो विमानतळावर उतरला तर तिथंच अडवतील. गाडी दडवून तुम्ही त्याची वाट बंद केलीत."

"म्हणून हल्ली येतो म्हणून बोलत नाय व्हय," ते म्हणाले. "मला वाटलं, रागावला."

पेंढा त्यांनी स्वतःच उपसला. गाडी ताडपत्रीत नीट गुंडाळलेली होती, बॅटरी काढून घरात ठेवलेली. सीटवर उंदरांनी घर केलं होतं, बाकी ओरखडा नव्हता. मी कस्टमला कळवलं, त्यांनी गाडी ताब्यात घेतली आणि सोपस्कार होऊन ती परत गेली. मुलावरची कारवाई मिटली. फिर्याद जाणूनबुजून खोटी होती, म्हणून मी प्रकरण बंद करण्याचा 'ब' समरी अहवाल कोर्टात पाठवला. काकांचं वय आणि स्वतःहून दिलेली कबुली त्यात लिहिली. कोर्टानं त्यांना समज देऊन सोडलं.

वर्ष उलटल्यावर काका पेणच्या एसटी स्टँडवर भेटले. मीच थांबले.

"मॅडम, आता त्याला यायला काय अडचण नाय ना?"

"नाही. सगळं मिटलंय."

"कसलीच नाय?"

"कसलीच नाही."

गाडी सापडेपर्यंत मुलगा न येण्याला कस्टम होतं, नोटीस होती, एजंट होता. माझ्या तपासानं ती कारणं एकेक करून निकालात निघाली होती. तपास चोख होता, आजही तसाच करेन. पण कोणाकडचं कारण काढून घेण्याआधी त्याच्याकडे मागे काय उरणार आहे ते बघावं, हे मला तिथं कळलं.

"मग का येत नाय?" त्यांनी विचारलं.

साक्षीदाराच्या तोंडी आपण उत्तर घालायचं नसतं, हे मी प्रत्येक नव्या फौजदाराला सांगत आले.

"रजा मिळत नसेल," मी म्हटलं.

"व्हय," काका लगेच म्हणाले. "रजाच मिळत नसंल."