मनकर्णाच्या मापाची काँटेसा

शहादेव नानांची जुनी काँटेसा गाडी धारूरच्या बाजारातून निघाली की माणसं चहाचा कप खाली ठेवून बघायची. लांबलचक नाक, रुंद छाती, काळा कुळकुळीत रंग आणि घशातून आल्यासारखा इंजिनाचा आवाज. कॉलेजची पोरं मोबाईलवर बघून तिला 'मसल कार' म्हणायची. नानांना तो शब्द फार आवडायचा, पण जिभेवर नीट बसायचा नाही, म्हणून ते आपले 'आपली गाडी' म्हणायचे.

नानांनी उभं आयुष्य कारखान्याचा ऊस ट्रकमधून वाहिला. भरला ट्रक कण्हत घाट चढायचा तेव्हा हीच काँटेसा बाजूनं सुळकन पुढं जायची. तेव्हा ती सुंदररावांची होती. सुंदरराव म्हणजे भागातले बडे जमीनदार, गळ्यात हार पडायची सवय असलेला माणूस. पुढं त्यांच्या दारात मोठाल्या पांढऱ्या गाड्या आल्या आणि काँटेसा कडब्याच्या शेडमध्ये जाऊन पडली. नानांनी ट्रक सोडला त्या वर्षी ते सुंदररावांकडं गेले आणि भंगाराच्या भावात ती मागून आणली. इंजिन खोललं, पत्रा ठोकला, रंग दिला. लोकांनी नानांना वेड्यात काढलं. लोकांचं नानांना काही वाटत नव्हतं. त्यांना वाटत होतं ते एकाच माणसाचं, आणि ते माणूस गाडीत बसायला तयार नव्हतं.

ते माणूस म्हणजे त्यांची बायको, मनकर्णा. मनकर्णाला गाडी लागायची. तिचं माहेर गेवराईकडचं तलवाडा, सासर धारूर, आणि मधे घाट. नाकाशी लिंबू, तोंडावर पदर आणि डोळे गच्च मिटलेले, असा तिचा लग्नापासूनचा प्रवास. काँटेसात ती पहिल्यांदा बसली ती नवी सीट कव्हरं चढवल्यावर लगेच. घाटाच्या पहिल्याच वळणाला गाडीनं मागचं बूड असं काही झुलवलं की मनकर्णाचा चेहरा हळदीसारखा झाला. पुढच्या वळणांवर सीट कव्हरांचं नवेपण संपलं. खाली उतरून तिनं तोंड धुतलं आणि निकाल देऊन टाकला.

"गाडी हाय का पाळणा? मी एसटीनं जाईन, पर हिच्यात पुन्हा पाय ठेवणार न्हाई."

नाना हट्टाचे, मनकर्णा त्यांच्याहून हट्टाची. राखीपौर्णिमेला ती खरंच एसटीनं गेली. आणि नाना? नाना एसटीच्या मागं मागं रिकामी काँटेसा घेऊन तलवाड्याला गेले. बायकोला माहेरी आपणच सोडलं, असं त्यांना स्वतःला तरी म्हणता यावं म्हणून. मेहुणा आदिनाथ दारातच म्हणाला, "दाजी, एवढी मोठी गाडी रिकामी कावून?" नानांनी इंजिन मोकळं करायला आणलीय म्हणून सांगितलं. सगळं घर हसलं. नानाही हसले, पण ते त्यांच्या मनाला लागलं.

दसऱ्यानंतर आदिनाथच्या नव्या घराची वास्तुशांत निघाली. बहिणीशिवाय ती होणार नव्हती. नानांनी मनाशी ठरवलं, मनकर्णा या वेळी काँटेसातून गेली तर गाडी ठेवायची, नाही तर जिथून आणली त्या शेडमध्ये नेऊन सोडायची. जिच्यासाठी केली तीच बसत नसेल तर मिरवायची कुणासाठी?

त्यांनी गाडी तेलगाव रस्त्यावरच्या हनुमानच्या गॅरेजात नेऊन, गाडीखाली उतरून काम करायच्या खड्ड्यावर उभी केली. हनुमान बॅटरी घेऊन खाली उतरला आणि लगेच बोलला.

"नाना, मागं बॅलन्स रॉड असतो. वळणावर गाडी एका अंगाला कलायला लागली की तो दोन्ही बाजू धरून ठेवतो. तुमच्या गाडीला त्याची भोकं हायेत, रॉड न्हाई. कुण्या मेस्त्रीनं काढला आन् लावायचा राहिला, असं दिसतंय."

आता या गाडीचा रॉड आणायचा कुठून? नानांनी बीड, परळी, अंबाजोगाई, सगळीकडची भंगाराची दुकानं पालथी घातली. सगळीकडं तेच उत्तर, काँटेसा बघूनच जमाना झाला म्हणून. शेवटी माजलगावहून हात हलवत परत येताना घाटाच्या अलीकडं एका वस्तीवर ते पाणी प्यायला थांबले. तिथं वत्सलाबाईंचा शेळ्यांचा गोठा होता. दाराला आडवा घातलेला गज नानांच्या नजरेत भरला. दोन्ही टोकं सारखी वळलेली, टोकांना चपटं करून भोकं पाडलेली. नाना तांब्या हातात धरून तसेच उभे राहिले.

वत्सलाबाईंच्या नवऱ्यानं तो कधीकाळी भंगारातून आणला होता. कोणत्या गाडीचा, ते त्यांना ठाऊक नव्हतं. नानांना ते विचारायची गरज नव्हती. त्यांनी गज मागितला.

"आन् शेळ्या काय तुमी येऊन धरणार?" वत्सलाबाई म्हणाल्या.

"ह्याच्यापेक्षा भारी कडी करून देतो. आधी कडी बसवीन, मगच हा काढीन."

दुसऱ्या दिवशी हनुमाननं जाड सळईची कडी-कोयंड्याची जोडी केली, नानांनी ती स्वतःच्या हातानं गोठ्याला बसवली आणि रॉड मोकळा केला. वत्सलाबाईंनी कडी दोनचारदा लावून-काढून पाहिली, शेळ्यांना मुद्दाम दारावर ढकललं, आणि मगच नानांना चहा दिला.

गॅरेजात रॉड घासूनपुसून गाडीखाली धरला तर तो भोकांना बोटभर कमी पडत होता. इतकी वर्षं शेळ्यांच्या धडका खाऊन टोकं जराशी आत आली होती. हनुमाननं गॅसचा पाइप हातात घेतला. नानांनी त्याचा हात धरला.

"आग दाखवू नको बे. पोलादाचं पाणी उतरलं की मंग तो शेळ्यांच्याच कामाचा."

मग रॉडला हात न लावता त्याला धरणाऱ्या पट्ट्याच नव्यानं कापल्या, भोकं सरकवून पाडली, हादरे झेलणारे रबरी बुश नवे घातले. गाडी जॅकवर उचलून, चाकं अधांतरी ठेवून, दोघांनी मिळून सगळे नट दम लावून आवळले. नाना संध्याकाळी चक्कर मारायला निघाले ते छाती काढून. वळणावर गाडी खरंच सरळ राहिली. पण प्रत्येक ब्रेकरला मागून 'कर्र' असा आवाज येई, आणि मागचं सीट बैलगाडीसारखं आदळे. झुलणं गेलं होतं आणि हादरे आले होते. नाना घरी येऊन जेवले नाहीत. वास्तुशांत दोन दिवसांवर आलेली. मनकर्णानं ताट झाकून ठेवलं.

पहाटे नाना अंथरुणात उठून बसले आणि स्वतःलाच शिव्या घालू लागले. ट्रकच्या स्प्रिंगचे पाटे बदलले की नाना नट आधी नुसते बसवायचे आणि ऊस भरल्यावर शेवटचे आवळायचे. भरल्या गाडीवर आवळायचं, हे त्यांनी किती नव्या ड्रायव्हरांना दटावून शिकवलं होतं. आणि स्वतःच्या गाडीला मात्र नवरीसारखं हवेत उचलून धरलं, रिकामीच आवळली, तीही चाकं लोंबकळती ठेवून. रबर पिळून बसलं होतं, ते ओरडणार नाही तर काय करणार?

सकाळी काँटेसा पुन्हा हनुमानच्या खड्ड्यावर आली, या वेळी चारही चाकं जमिनीवर टेकवून. हनुमाननं खाली उतरून सगळे नट सैल सोडले. आता वजन हवं होतं. समोरच्या हॉटेलात रोज नानांच्या रिकाम्या गाडीवर बोलणारी मंडळी बसलेली होती. नानांनी त्यांनाच हाका मारल्या. भगवानराव आणि परमेश्वर आले, दोघंही खात्या घरचे. एक पुढं बसला, एक मागं. मागची एक बाजू अजून वर होती.

मनकर्णा नानांचा डबा द्यायला आली होती. ती बाजूला उभी राहून हे सगळं बघत होती. हनुमाननं खड्ड्यातून डोकं वर काढलं.

"काकू, तुमी बसा की डावीकडं. गाडी उभीच हाय."

मनकर्णानं नानांकडं पाहिलं. नाना तिच्याकडं न बघता टायरकडं बघत होते. त्यांना तिला म्हणायची हिंमत होत नव्हती, हे तिला दिसलं.

"उभ्या गाडीत बसायला माझं काय जातंय," ती म्हणाली, आणि पदर सावरून बसली.

गाडीनं मागं अलगद अंग टेकलं. हनुमाननं खालून एकेक नट आवळला. मनकर्णा डबा मांडीवर घेऊन ताठ बसली होती, फोटो काढायला बसवल्यासारखी. खाली उतरल्यावर तिनं दार हळू लावलं.

"आता माझ्याच वजनावर आवळलीय म्हणल्यावर बसून बघावं लागंल," ती म्हणाली. "पर उलटी झाली तर सीट तुमी धुवायचं."

वास्तुशांतीच्या सकाळी ती नाकाशी लिंबू, तोंडावर पदर आणि डोळे मिटून मागं डावीकडं बसली. रात्रभर पुरणपोळ्या आणि आहेराची बांधाबांध झालेली, त्यामुळं चेहरा ओढलेला होता. घाट सुरू झाला. पहिलं वळण आलं. गाडी झुकली नाही, रस्त्याला धरून फिरली. मागून आवाज नाही. दुसरं वळण, तिसरं. ब्रेकर आला आणि गेला, 'कर्र' नाही. नानांना मोठ्यानं ओरडावंसं वाटत होतं, पण मागून अजून एक शब्द नव्हता. ती दात आवळून सोसत असेल, आपलं मन राखायला गप्प बसली असेल, असं त्यांना वाटलं. आरशात बघायचा त्यांना धीर झाला नाही.

घाट उतरून सपाटी लागल्यावर त्यांनी कडेला गाडी उभी केली आणि मागं वळून पाहिलं. मनकर्णाचा पदर खांद्यावर घसरला होता, लिंबू मांडीवर पडलं होतं आणि ती तोंड उघडं टाकून घोरत होती.

नाना तिच्याकडं बघतच राहिले. मग त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते शर्टाच्या बाहीनं पुसले. इतका आनंद त्यांना गाडी पहिल्यांदा सुरू झाली त्या दिवशीही झाला नव्हता.

गाडी थांबल्यानं ती जागी झाली. दचकून तिनं पदर तोंडाला लावला.

"घाट आला का?"

"घाट गेला," नाना म्हणाले.

तिनं मागच्या काचेतून पाहिलं. डोंगर मागं उभा होता, रस्ता त्याच्या अंगावरून वळणं घेत वर गेलेला. ती बराच वेळ बघत बसली.

"मी तर घाट कवा पाह्यलाच न्हाई," ती हळूच म्हणाली. "लगीन होऊन आले तवापासून डोळे मिटूनच. फिरवा गाडी."

"अगं, आदिनाथ वाट बघत असंल. होम सुरू होईल."

"फिरवा म्हणते ना."

नानांनी गाडी फिरवली. मनकर्णा उतरून पुढच्या सीटवर येऊन बसली आणि तिनं काच खाली केली. सीताफळाची झुडपं, कठड्यावर बसलेली वानरं, खाली दूरवर पसरलेली शेतं, सगळं ती बोट दाखवून दाखवून नानांना सांगत होती, जणू नाना या रस्त्यानं पहिल्यांदाच चाललेत. नानांनी काही दुरुस्त केलं नाही, फक्त वळणं सावकाश घेतली. घाटमाथ्यावर त्यांचा फोन वाजला. आदिनाथचा होता. दाजी, सगळे खोळंबलेत, कुठं हाय तुमी?

मनकर्णानं नानांच्या हातातून फोन काढून घेतला.

"चालू दे तुझं," ती भावाला म्हणाली. "आमी घाट बघायला गेलतो. आता येतोय."