पाणी वाजेपर्यंत

जानेवारीचा मंगळवार. भोपाळच्या बरखेड्यात धुकं इतकं, की क्वार्टरांच्या रांगेत समोरचं दार दिसेना, नुसतं कुणाचं तरी खाकरणं ऐकू यायचं. लीला उमाळेनं साडेसहालाच पोळ्या लाटून ठेवल्या, भाजीवर झाकण घातलं, साडीवर स्वेटर, स्वेटरवर ड्यूटीचा पांढरा कोट आणि त्यावर नवऱ्याचं जुनं जॅकेट चढवलं.

"माझं जॅकेट घेऊन चालली का?" गजानन रजईतूनच बोलला.

"तुम्ही तं रजईतच आहा. तुम्हाले कायले पाह्यजे जॅकेट?"

गजानन कारखान्यातून रिटायर झालेला टेक्निशियन. जन्मच भोपाळचा, आजोबा छप्पन साली, राजधानी भोपाळला आली तेव्हा, नागपूरच्या कचेरीबरोबर फायली घेऊन इकडे आलेले. लीला लग्न होऊन आली ती नागपूरजवळच्या उमरेडकडून. अठ्ठावीस वर्षं झाली, तिच्या जिभेवरचं उमरेड काही उतरलं नाही. त्यावर भोपाळची हिंदी येऊन बसली, एवढंच. ती सरकारी नर्सबाई. वीस वर्षं झाली, मुलांना लसी टोचते.

आरोग्य केंद्रात पोचल्यावर पहिलं काम ठरलेलं. डीप फ्रीजरमधून चार आइसपॅक काढायचे, म्हणजे पाणी भरून गोठवलेल्या चपट्या प्लास्टिकच्या बाटल्या, आणि टेबलावर ओळीनं मांडायचे. तसेच्या तसे लसीच्या डब्यात घातले तर शेजारची लसही गोठते, आणि पेंटासारखी, पाच रोगांवरची एकत्र लस एकदा गोठली की तिच्यात काही दम राहत नाही. म्हणून पॅक आधी जरा नरमू द्यायचे. किती वेळ? अर्धा तास. लीलाच्या वहीत तसं लिहिलेलं होतं. पॅक मांडले की ती चौकातल्या ठेल्यावर जाई. पोहे, जलेबी, एक कट चाय, परत. झाला अर्धा तास. घड्याळ बघायची गरजच नव्हती.

त्या मंगळवारीही तसंच. परत आली, फ्रिज सांभाळणाऱ्या मोहननं लसी मोजून दिल्या, तिनं डबा भरला, झाकण दाबलं आणि मिसरोदच्या वाटेला लागली.

मिसरोदच्या मागं उंच इमारती उठताहेत, तिथल्या मजुरांच्या वस्तीत त्या दिवशी आठ मुलं होती. आठवी रामकलीबाईची नात. ही रामकली म्हणजे लीलाच्या डोक्याला तीन महिन्यांचा ताप. ऑक्टोबरात दुसऱ्या सुनेच्या दिवसांची खबर लागल्यापासून लीला त्या झोपडीत हजेरी लावत होती. मोठ्या नातवाला गावी सुई टोचल्यावर दोन रात्री ताप आला होता, तेव्हापासून म्हातारीनं कानाला खडा लावलेला. लीलानं तिच्याजवळ बसून लसूण सोलला, तिच्या गुडघ्याला तेल आणून दिलं, सुनेचं बाळंतपण दवाखान्यात करवलं. शेवटी आज म्हातारी स्वतः पोरगी घेऊन आली.

"देखो सिस्टर, जा मोड़ी खों कछू भओ, तो हम तुमाए घरे आ जैहें," रामकलीनं बोट रोखलं. पोरीला काही झालं तर थेट घरी येऊन धडकेन, असा दम होता.

"आ जाना अम्मा. चाय पिलाऊंगी." लीलानं पोरीच्या मांडीत सुई दिली. पोरगी किंचाळली. मग लीलानं नेहमीच्या चार गोष्टी सांगितल्या: कोणती लस दिली, काय त्रास होऊ शकतो, पुढच्या महिन्यात कधी यायचं, आणि कार्ड जपून ठेवायचं. ताप आला तर काय करायचं, हे तिनं दोनदा सांगितलं.

बुधवारी सकाळी रामकलीचा फोन आलाच. "बुखार आ गओ! हमने कई ती ना!"

"पाव गोली दो अम्मा. उतर जाएगा. बुखार मतलब दवा ने काम किया." लीला बोलून गेली. पोरीचा ताप संध्याकाळपर्यंत उतरला आणि लीला तो विषय विसरली.

गुरुवारी हबीबगंजजवळच्या एका हॉलमध्ये ट्रेनिंग होतं. स्टेशनचं नाव बदलून किती दिवस झाले, पण ऑटोवाल्याला हबीबगंजच सांगावं लागतं. नव्यानं लागलेल्या तीस-बत्तीस नर्स, बहुतेक मृणालच्या, म्हणजे लीलाच्या मुलीच्या वयाच्या. लीलाला "अनुभवी" म्हणून बोलावलेलं. शिकवायला डॉक्टर सुरुची, बदली होऊन इकडे आलेल्या पुण्याकडच्या लोकांची मुलगी, तिशीची, बोलणं स्वच्छ पुणेरी. पहिला तास मोबाइलवर मुलांची नोंद कशी करायची त्यात गेला. लीलाचं बोट तीनदा चुकीच्या जागी पडलं. शेजारच्या सायलीनं तीनदा दुरुस्त केलं.

"काकू, अंगठ्यानं नका दाबू."

"माह्या अंगठ्यानं वीस वर्षं सुया दाबल्या. याले काय झालं?"

सायली खुदकन हसली.

मग सुरुचीनं टेबलावरच्या आइसपॅककडे बोट दाखवलं. "हे फ्रीजरमधून काढून अर्धा तास झालाय. लीलाताई, तुम्ही सांगा. डब्यात घालायचे?"

लीला उठली, पदर खोचला. "झाला ना अर्धा तास? घाला." मागं वळून मुलींना म्हणाली, "लिहून घ्या वो पोरींनो, अर्धा तास."

"जरा हलवून बघता?"

लीलानं पॅक कानाजवळ नेऊन हलवला. काहीच नाही. दुसरा उचलला. तोही दगड.

"काय ऐकू आलं?"

"काहीच नाही."

"पाणी वाजायला हवं," सुरुची मुलींकडे वळली. "आणि पॅकला बाहेरून घाम फुटायला हवा. ही दोनच लक्षणं. घड्याळ नाही. उन्हाळ्यात अर्ध्या तासात होतं, आज बाहेर अकरा डिग्री आहे. आज याला तास लागेल, सव्वा तासही लागेल."

पेनं कुरकुरू लागली. लीला पॅक हातात धरून उभीच. "बसा ताई," कुणीतरी म्हणालं, तेव्हा बसली. पिशवीतून जुनी वही काढली. पहिल्या ट्रेनिंगची, जून महिन्याची. निळ्या शाईत लिहिलेलं होतं: आइसपॅक – अर्धा तास बाहेर. आणि तो जूनचा दिवसही तिला आठवला. घामाघूम झालेले मास्तर, छताचा पंखा बंद, आणि त्यांनी पॅक हलवला तेव्हा आतलं पाणी खुळखुळलेलं सगळ्यांनी ऐकलं होतं. ऐकलं सगळ्यांनी. तिनं मात्र वहीत आकडा तेवढा लिहिला.

जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून ती नुसती बसून राहिली. आठ मुलं. त्यांच्या मांडीत गेली ती लस होती की नुसतं पांढरं पाणी? तिनं मोहनला फोन लावला.

"मोहन, मंगलवार को मैं नाश्ता करके कितनी देर में आई थी?"

"अब सिस्टर, हम कोई घड़ी लेके बैठे थे? बीस मिनट."

"बीस?"

"या चालीस. कोहरे में टाइम का क्या पता."

मग शाहिदाला, वस्तीतल्या आशा कार्यकर्तीला, जी मुलांना गोळा करून आणते. "बाजी, आप तो उस दिन देर से आईं. मैं ठंड में खड़ी-खड़ी अकड़ गई."

"कितनी देर से?"

"बहुत देर से."

गजाननला विचारलं, तर तो म्हणाला, "मी झोपलो होतो ना यार. पण ते ठेल्यावर तू मृणालशी फोनवर बोलत होती, तिनंच सांगितलं मला. तुम्ही मायलेकी बोलल्या म्हणजे तास तर गेलाच."

मृणालशी बोलली होती खरी. पण मंगळवारी की सोमवारी? वीस मिनिटं, चाळीस, तास. जितके फोन तितक्या वेगळ्या वेळा. गप्प राहावं का? कुणालाच कळणार नव्हतं. पुढच्या महिन्यात दुसरा डोस होईल, मग तिसरा. पण पहिला गेलाच वाया असला तर? आणि सांगितलं, मुलांना परत बोलावलं, तर रामकली दारातच कोयता घेऊन उभी राहील. ती वस्ती पुन्हा कधी मांडी पुढं करायची नाही. डोक्यात दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या, आणि कुठली धरावी ते कळेना.

चार वाजता हॉल रिकामा झाला, तेव्हा ती सुरुचीपुढं जाऊन उभी राहिली.

"मॅडम, एक विचारायचं होतं. मुलाले ताप आला, म्हंजे लस चांगली होती ना?"

"असं काही नाही. ताप आला तरी खात्री नाही, नाही आला तरी नाही. का?"

लीलानं सांगून टाकलं. पोहे, जलेबी, अर्धा तास, आठ मुलं, वही. सुरुची रागावेल असं वाटलं होतं. ती खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "त्या दिवशीची बाटली संपली का?"

"नाही. दहा डोसची होती, दोन उरले. बाटली फ्रिजमधी आहे. उघडल्याची तारीख टाकलेली आहे."

"मग चला."

सकाळी वर्गात दाखवायला म्हणून सुरुचीनं पेंटाची एक बाटली मुद्दाम रात्रभर गोठवून वितळवलेली होती; ती तिनं बरोबर घेतली. लॉट नंबर दोन्हीचा एकच; जिल्ह्यात सगळीकडे तोच माल गेला होता. बरखेड्याच्या केंद्रात मोहननं ट्यूबलाइट लावली. सुरुचीनं गोठवलेल्या बाटलीवर लाल पट्टी चिकटवली, दोन्ही बाटल्या एकत्र लीलाच्या हातात दिल्या. "हलवा, टेबलावर ठेवा, आणि बघत राहा. लाल पट्टीची वाया गेलेली आहे, तिचा गाळ लवकर खाली बसेल. तुमचीही तेवढ्याच वेगानं बसली, तर तीही वाया. मी बोलणार नाही. तुम्ही सांगायचं."

"मी? माह्या डोळ्याले तं दोन्ही ताकच दिसते."

"बघा."

लीला वाकली. दोन्ही पांढऱ्या. मग लाल पट्टीच्या बाटलीत वरच्या बाजूला पातळ रेघ आली, निवळ पाण्याची. रेघ जाड होत गेली, खाली कण बसले. आणि तिची? तिच्यातही वरती काहीतरी निवळ होत होतं. होतं ना? तिनं चष्मा पुसला. मोहन मागून म्हणाला, "सिस्टर, दोनों बैठ रही हैं." ती बाटल्यांवर आणखी वाकली.

दहा मिनिटं झाली. लाल पट्टीची अर्ध्याहून जास्त निवळली. तिची अजून दुधाळ होती, वरती फक्त नखाएवढी रेघ.

"मॅडम, दोन्ही बसून राह्यल्या. पण माही हळू. पुष्कळ हळू."

सुरुचीनं मान हलवली. "चांगली लससुद्धा ठेवली की हळूहळू बसतेच. वेगात फरक आहे, म्हणजे गोठलेली नव्हती. वापरायची."

"म्हंजे आठही मुलाईले बरोबर गेली?"

"गेली."

लीला स्टुलावर बसली. बरं वाटलं पाहिजे होतं, आणि वाटतही होतं. पण मग त्या दिवशी पॅक किती वेळ बाहेर होते? तासभर होते म्हणून लस वाचली, की अर्धाच तास होते आणि नशिबानं वाचली? मृणाल त्या दिवशी बोलली होती की नव्हती?

"आणि मागचे, मॅडम? वीस हिवाळे झाले. तेव्हाच्या बाटल्या तं गेल्या."

लाल पट्टीची बाटली सुरुचीनं कचऱ्याच्या डब्यात टाकली. "ते मला नाही सांगता येणार, लीलाताई. मी हे सगळं लिहून वर कळवते. तुमचं नाव घालू?"

"घाला. मीच तं केलं." मग थांबून म्हणाली, "पण मी तेव्हा ऐकलं होतं, मॅडम. खुळखुळ. काऊन लिहिलं नाही मी?"

सुरुचीनं लीलाची बाटली परत फ्रिजमध्ये ठेवायला मोहनकडे दिली आणि निघाली. सुरुचीची गाडी धुक्यात दिसेनाशी झाली.

शुक्रवारी पुन्हा लसीकरण. लीला केंद्रावर आली तेव्हा फाटकाचं कुलूपही निघालं नव्हतं. चार पॅक टेबलावर मांडले आणि स्टूल ओढून बसली.

"पोहे नहीं खाना?" मोहननं विचारलं.

"आज नहीं."

"वो ठेलेवाला पूछ रहा है, सिस्टर कहाँ हैं. जलेबी ठंडी हो रही है उसकी."

"उसको बोल, गरम करके रखे."

अर्धा तास झाला. तिनं पॅक हलवले. दगड. शाहिदाचा फोन आला. "बाजी, बारह बच्चे बैठे हैं, और वो रामकली सबको बता रही है कि बुखार आया तो दवा ने काम किया. आपने बताया था?"

लीलानं डोळे मिटले. "हाँ, मैंने ही कहा था. उसको बोलो, मैं आके समझाती हूँ. ठीक से."

"कब आएंगी?"

"जब ये बोलेंगे तब."

"कौन बोलेंगे?"

लीलानं फोन ठेवला. पॅकवर दवासारखे बारीक थेंब जमले होते. तिनं कोटाच्या बाहीनं एक पुसला, पुन्हा जमतात का ते बघत राहिली. मग दोन्ही हातांत धरून कानाजवळ नेला आणि हलवला. आत कुठंतरी, फार लांबून, थोडंसं पाणी हललं. तिनं दुसरा उचलला.