घावाला बसणारं गाणं

नगरला आमच्या घराची मागची भिंत आणि एका हॉटेलची भिंत एकच होती. हॉटेलात सकाळपासून रेडिओ चालू असायचा. आमच्याकडे रेडिओ नव्हता, पण मला त्याची कधी उणीव भासली नाही. भांडी घासताना, केस विंचरताना गाणी भिंतीतून येतच असायची. चाल स्पष्ट ऐकू यायची, शब्द मात्र निम्मेअर्धे भिंतीतच राहायचे. राहिलेल्या जागी मी माझे शब्द घालायचे. कित्येक गाण्यांचे खरे शब्द मला फार उशिरा कळले, आणि खरं सांगायचं तर माझेच काही ठिकाणी बरे होते.

एकाहत्तरच्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं आणि मी जामखेडच्या बाजूला एका गावात आले. तिथे वीज नव्हती, रेडिओ नव्हता. गाणं मात्र होतं, आणि ते माझ्या सासूबाईंचं होतं. मी त्यांना आत्याबाई म्हणायचे. पन्नाशीच्या आसपासच्या, उंच, काटकुळ्या. बोलताना आवाज घोगरा, पण ओवी सुरू केली की तोच आवाज सरळ उभा राहायचा. पंचक्रोशीत कुठे लग्नाची हळद असली की जात्यावर म्हणायला त्यांना बोलावणं ठरलेलं.

पुढच्या वर्षी पाऊस आला नाही. विहिरी आटल्या, पेरलेलं उगवलंच नाही, आणि दिवाळीनंतर अख्खं गाव सरकारनं काढलेल्या रस्त्याच्या कामावर गेलं. पुरुष खोदकामाला, बायका खडी फोडायला. माझे मिस्टर पलीकडे डोंगराच्या अंगाला मुरूम खोदत असायचे, मी आणि आत्याबाई अलीकडे दगडांच्या ढिगाजवळ. पायांखाली पोत्याची घडी घालून बसायचं, पुढ्यात मोठा दगड आधाराला, त्यावर लहान दगड ठेवायचा आणि हातोडीनं फोडायचा. दुपारी सुकडी, म्हणजे दुष्काळी कामावर वाटायचं ते भाजक्या पिठाचं गोड खाणं, मिळायची. मला या कामाची सवय नव्हती. चौथ्या दिवशी दोन्ही तळव्यांना फोड आले.

आत्याबाई पहिल्याच दिवसापासून तिथे ओव्या म्हणू लागल्या. त्या एक ओळ म्हणायच्या, बाकीच्या बायका ती उचलायच्या, आणि ओळीच्या ठरावीक जागी तीस-चाळीस हातोड्या एकदम खाली यायच्या. दगडाचा तो एकत्र आवाज मी अजून विसरलेले नाही. मला मात्र त्या ओव्या येत नव्हत्या. घाव चुकायचा, आणि मी एकटीच मागेपुढे ठोकत राहायचे.

एके दिवशी कंटाळून मी माझं गाणं सुरू केलं. भिंतीतून ऐकलेलं, सिनेमातलं. आधी स्वतःशीच म्हणत होते. शेजारच्या घरातली माझ्याच वयाची सून बाजूला बसलेली असायची, ती म्हणाली, "वहिनी, मोठ्यानं म्हना की." मी मोठ्यानं म्हटलं. आठ दिवसांत आम्हा तरण्या बायकांचा ढीग वेगळा झाला. तिकडे ओवी, इकडे सिनेमा.

आत्याबाईंनी चार दिवस ऐकून घेतलं. पाचव्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणाल्या, "आताची गानी म्हंजी नुसता फुफाटा. उडतो, डोळ्यात जातो, हाताला काय लागत न्हाई. आमच्या वक्ताला गानं म्हंजी गानं हुतं."

थोरल्या बायकांनी माना डोलावल्या. मला ते फार लागलं. घरी येऊन चुलीपुढे बसल्यावर मला राहवलं नाही. म्हटलं, "आत्याबाई, गाणं जुनं झालं म्हणजे आपोआप चांगलं होतं का?"

सुनेनं असं विचारायची रीत नव्हती. मिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि ताटात मान खाली घातली. आत्याबाईंनी मिलोची, म्हणजे रेशनवर मिळणाऱ्या परदेशी ज्वारीची, लाल भाकरी तव्यावर उलटली. दुसऱ्या दिवशी मी हट्टानं आणखी मोठ्यानं गायले.

त्याच आठवड्यात गोष्ट घडली. माझ्या त्या गाण्यात एक लांबलचक तान होती. आम्ही सगळ्या ती ताणून म्हणत होतो, डोळे मिटून. शेजारची सूनही डोळे मिटून म्हणत होती, आणि तिची हातोडी दगडावर न पडता अंगठ्यावर पडली. रक्ताची धार लागली. मी नुसती बघत उभी राहिले. आत्याबाई पलीकडच्या ढिगावरून धावत आल्या, लुगड्याच्या पदराची पट्टी फाडली, पाण्यात भिजवून तिचा अंगठा घट्ट बांधला. पुढे तिचं नख गेलंच.

मला वाटलं, आता माझी कंबख्ती भरली. सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. आत्याबाई माझ्यापुढे उकिडव्या बसल्या आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "तुझं गानं वंगाळ हाय आसं मी म्हनत न्हाई. पन ह्या गान्यात घाव कुठं घालायचा, ती जागा मला दाव."

मी मनातल्या मनात गाणं सुरुवातीपासून म्हणून पाहिलं. तशी जागा सापडेना. ते गाणं खुर्चीवर बसून ऐकणाऱ्यासाठी केलेलं होतं. हातात हातोडी असलेल्या बाईसाठी कुणी केलेलंच नव्हतं.

"न्हाई ना?" त्या म्हणाल्या. "मंग झालं तर."

त्या दिवसापासून मी गाणं बंद केलं. रागानं नाही, त्यांचं म्हणणं पटलं म्हणून. ओव्या शिकायला लागले. पण एक गोष्ट मनात सलत होती. ही एक अडचण खरी होती, मान्य. म्हणून आताचं सगळं गाणं फुफाटा आणि त्यांच्या वेळचं तेवढं सोनं, हे काही मला पटत नव्हतं.

संक्रांतीच्या पुढे माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण आमच्याकडे राहायला आली. तिच्या गावाजवळचं काम बंद पडलं होतं. आत्याबाई त्यांना वन्सं म्हणायच्या, म्हणून आम्ही सगळ्याच वन्सं म्हणू लागलो. वन्सं पासष्टीच्या, दात पडलेल्या, पण जिभेला धार. दुसऱ्याच दिवशी त्या आमच्याबरोबर खडी फोडायला बसल्या. आत्याबाईंनी ओवी धरली, सगळ्यांनी उचलली. वन्सं थोडा वेळ ऐकत राहिल्या आणि हसायला लागल्या.

"काय झालं, वन्सं?" मी विचारलं.

"काय न्हाई गं. ही चाल लई दिसांनी ऐकली. हिच्यापायी हिनं आमच्या आयेचं बोलनं खाल्लं हुतं."

"वन्सं, असू द्या आता," आत्याबाई म्हणाल्या.

"का असू द्या? सुनंला कळू दे की." आणि वन्संनी हातोडी खाली ठेवून सांगायला सुरुवात केली. आत्याबाई लग्न होऊन आल्या, त्या सालच्या जत्रेत तमाशाचा फड आला होता. बायकांना तिकडे जायची बंदी. पण घर जत्रेच्या माळाला लागून होतं आणि ढोलकीचा आवाज परसात यायचा. परसात उभं राहून या नव्या सुनेनं एक लावणीची चाल उचलली आणि दोन दिवसांनी पहाटे जात्यावर बसून त्याच चालीत रामसीतेच्या ओव्या म्हणायला सुरुवात केली.

"आमची आय उठली ती तरातरा," वन्सं म्हणाल्या. "म्हनली, माझ्या घरात जात्यावर नाचीची चाल? देवाचं नाव घ्यायचं आन् कंबर हलवायची? जात्याचा खुंटा उपटला आन् आपल्या ओच्यात घातला. आठ दिस ही दुसऱ्याच्या घरी दळन घिऊन जात हुती. आन् आय सगळ्यांना सांगायची, आताच्या पोरींच्या गान्यात काय ऱ्हायलं न्हाई."

"आणि ती चाल कोणती, वन्सं?" मी विचारलं.

"आत्ता म्हनत हुता की तुमी समद्या. हीच."

आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला होता. मला वाटलं त्यांना लाज वाटली, म्हणून मी दुसरीकडे बघायला लागले. मग त्यांचे खांदे हलताना दिसले. त्या हसत होत्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होत्या.

"व्हय," त्या म्हणाल्या, "हीच ती."

संध्याकाळी भाकऱ्या थापताना त्या आपण होऊन म्हणाल्या, "ते तुझं भितीआडचं गानं म्हन बघू. हळू म्हन."

मी म्हटलं. त्यांनी तीनदा म्हणायला लावलं. तिसऱ्या वेळी त्या परातीच्या काठावर बोट मारत होत्या. म्हणाल्या, "ही तान काढून टाक. हितं मोड. आन् हितं घाव." मी तसं म्हटलं. गाणं आखूड झालं, पण चाल तीच राहिली आणि तिला पाय फुटले. शब्दांचं काय, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "शबुद काय, आपलेच घालायचे." आणि बसल्या बसल्या त्यांनी घातले:

रस्ता फोडिते बाई, रस्ता जाईना गावाला
गेला ढग गं पान्याला, अजून येईना घराला

दुसऱ्या दिवशी हे गाणं ढिगावर गेलं आणि दोन्ही ढीग एक झाले. सगळ्या नाही आल्या. एक म्हातारी आपलं पोतं उचलून पार टोकाला जाऊन बसली आणि जाताना ऐकवून गेली की सासू सुनेच्या नादी लागली, आता गाण्याचं वाटोळं झालं. एकीनं तिला उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर आत्याबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. दोन म्हैन्यामागं मीबी तिथंच बसले हुते."

पुढच्या वर्षी पाऊस आला. काम संपलं. रस्ता झाला, आणि त्याच रस्त्यानं पुढे गावात एसटी यायला लागली, वीज आली, आमच्या घरी रेडिओही आला. आत्याबाई तो ऐकायच्या आणि खुशाल नावं ठेवायच्या. "हे बेनं नुसतं केकाटतंय," म्हणायच्या. पण "आताची गानी वाईट" असं सरसकट वाक्य मी त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकलं नाही. जे गाणं आवडायचं नाही, त्या एकेका गाण्याचं नाव घेऊन तसं सांगायच्या. त्यांच्या शेवटच्या आजारपणात मी त्यांच्याजवळ बसून त्यांना ओव्या म्हणून दाखवायचे. त्या मध्येच थांबवून माझी चूक सांगायच्या.

आता माझ्या वयाची माणसं जमली की आताच्या गाण्यांवर बोलणं निघतंच. शब्द कळत नाहीत, चाल नाही, नुसता ढणढणाट, आमच्या वेळी कसं होतं. त्यांना मी माझं मत सांगते, आणि मला त्यात शंका नाही. आमच्या वेळीही रद्दी गाणी ढिगानं होती. त्या भिंतीतून मी ती रोज ऐकली आहेत. आपण ती विसरलो, चांगली तेवढी जपून ठेवली, आणि आता त्या निवडलेल्या धान्याची तुलना खळ्यावरच्या न उफणलेल्या राशीशी करतो. हा न्याय नव्हे. आताचीही उफणली जातील. उफणायला वेळ लागतो, आणि तो वेळ आपल्या वयाला पुरत नाही, एवढंच. कुणी चिडतात. चिडू देत. माझ्या नातीची निम्मी गाणी मलाही सोसवत नाहीत, मी तिला तसं सांगतेही. पण ती माझ्या कानाची गोष्ट झाली, गाण्याची नव्हे.

गेल्या उन्हाळ्यात मी गावी गेले होते. शेतात कांदा काढणी चालू होती. दहा-बारा बायका ओळीनं बसून कांद्याची पात कापत होत्या आणि एकीचा मोबाईल बांधावर उभा करून ठेवलेला होता. त्यात काय चाललं होतं ते मला धड कळलं नाही. एकच ओळ, पुन्हा पुन्हा, आणि तिच्याखाली दणादण ठोका. मी जवळच्या मुलीला विचारलं, "कुणाचं गं हे गाणं?"

"काय म्हाईत, आजी," ती विळा न थांबवता म्हणाली. "पन ह्यावर कांदा लई भराभरा होतो."

मी तिच्या शेजारी बसले आणि एक विळा मागून घेतला.