जपानचे देव आमच्या पडवीत

चूक माझी होती. जपान हा बौद्धांचा देश आहे, एवढंच सांगून मी बाबांना ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टून, बघायला बसवलं.

दुसरा मार्ग सुचतच नव्हता. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं मास्तर होते. निवृत्त झाले तरी वाडीत सगळे त्यांना गुरुजीच म्हणतात, आणि आमच्या विहाराच्या कमिटीचे ते अध्यक्ष आहेत. त्यांच्या मते कार्टून दुसरीपर्यंतच्या मुलांसाठी असतं आणि मी एकतीस वर्षांची. मी चिपळुणात एका दवाखान्यात काउंटरवर बसते, संध्याकाळच्या एसटीने घरी येते आणि तासभर ॲनिमे बघते. हा तास मी कुणाला देत नाही. दवाखान्यातली मैत्रीण म्हणायची, "अगं, तुझ्या वयाच्या बायका पोरांना कार्टून लावून देतात, तू स्वतःच बघतेस?" एकदा जेवणाच्या सुट्टीत तिला एक भाग दाखवला. डोळे एवढे मोठे का, केस निळे का, असं विचारत तिने माझा अर्धा डबा संपवला. मी म्हटलं, तुझ्या मालिकेतली सून झोपतानाही कमरपट्टा घालते, ते चालतं ना तुला?

त्या दिवसांत मी जी मालिका बघत होते, तिच्यात फारसं काही घडत नाही. समुद्राकाठचं गाव, आजी आणि नात. नात बोलताना अडखळते. ती शाळेत जाते, शेतात भात लावते, आजीशी भांडते. एका भागात ती भाताच्या भांड्यावरचं झाकण काढते आणि वाफ वर जाते. बस, वाफच. आमच्या घरात रोज दोनदा जाते ती. पण ती वाफ कुणीतरी माणसाने बसून काढली होती, तिला तेवढा वेळ दिला होता. मी रडले. सांगायला लाज वाटत नाही.

आई आपणहून येऊन बसली, ती भाताच्या लावणीमुळे. पडद्यावरच्या बायका चिखलात वाकलेल्या बघून ती हातातलं काम टाकून आली. "येवडी रोपं एका जाग्यावर लावतात होय गो? दाटणार नाय ती?" मग रोज जपान्यांच्या चुका काढायला ती माझ्या शेजारी बसायला लागली. खालच्या इंग्रजी ओळी मी तिला मराठीत सांगायचे. तिच्या बाबतीत मला काही पटवून द्यावंच लागलं नाही.

बाबांच्या बाबतीत मात्र मी शहाणपणा केला. पहिल्या दोन भागांत टेकडीवरचा विहार आहे, घंटा आहे, भिक्खू आहेत. बाबा खूश. "बघ, किती स्वच्छता आहे," असंही म्हणाले. तिसऱ्या भागाचा मला विसर पडला होता. त्यात आजी नातीच्या मनगटाला ताईत बांधते, शेताच्या कडेला दगडी कोल्हा असतो त्याला हात जोडते, आणि कोल्हा बोलायला लागतो. गणपती आणि मारुतीची ती म्हण आमच्या घरात कुणी वापरत नाही, नाहीतर इथे ती चपखल बसली असती. मी घाईघाईने म्हटलं, "आजी आठवण म्हणून दोरा बांधतेय."

बाबांनी खालची ओळ माझ्याआधी वाचली होती.

"दोरा नाही, ताईत लिहिलंय. आणि तो कोल्हा देव आहे." ते उठून उभे राहिले. "तुझ्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव टोपलीत भरून वाशिष्ठी नदीत सोडले. हात थरथरत होते, असं ते स्वतः सांगायचे. तरी सोडले. आणि तू ते मोबाईलवरून परत घरात आणतेस?"

 त्यांचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं, आजोबांचे थरथरते हात मलाही दिसत होते. पण त्याहून जास्त मला माझाच राग आला. आधी धर्माचं नाव पुढे केलं, मग दोरा म्हणून खोटं बोलले. जी गोष्ट मला इतकी आवडते, तिची मीच लाज धरली होती. त्या दिवशी कानाला खडा लावला, की यापुढे ॲनिमेला कुणाचंही चांगल्या वर्तणुकीचं सर्टिफिकेट जोडायचं नाही.

रविवारी वंदना झाली की विहाराच्या सभागृहात मी वाडीतल्या मुलांचा चित्रांचा वर्ग घ्यायचे. चार वर्षं घेत होते. चित्र काढा म्हटलं की पंधराच्या पंधरा मुलं एकच चित्र काढायची. दोन टोकदार डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी आणि एक झोपडी. पाठीमागच्या सपाट कातळाच्या सड्यावर जाऊन बघा, आमच्याकडे असा एक तरी डोंगर आहे का? मी सांगून थकले. शेवटी एका रविवारी लॅपटॉप नेला आणि ही मालिका लावली, माझ्या मराठीसकट. मग सांगितलं, आता आपली वाडी काढा.

त्या दिवशी कागदावर काय काय आलं! पाण्याची टाकी आणि तिच्या पायऱ्यांवर वाळत घातलेली गोधडी. एसटीच्या थांब्यावर झोपलेला कुत्रा. भांडी घासणाऱ्या आईची फक्त पाठ. एकीने भाताची वाफ काढली होती, कागद खोडरबराने फाटेपर्यंत. आणि सातवीतल्या एका मुलीने आमच्या बोअरिंगच्या पंपाशेजारी तो दगडी कोल्हा बसवला होता, समोर हात जोडलेली आजी. मी सगळी चित्रं भिंतीवर लावली. कोल्ह्याचंही लावलं. का नाही लावायचं? चित्र सुंदर होतं.

आमच्या वाडीचे निर्णय मे महिन्यात होतात, कारण तेव्हा वाडीतले मुंबईला राहणारे लोक सुट्टीला येतात. मुंबई कमिटीचे सेक्रेटरी सभागृहात आले आणि कोल्ह्यासमोर थांबले. "विहारात ह्ये? पोरांना कोनी शिकवलान ह्ये?" संध्याकाळी मीटिंग बसली. ठराव असा होता, की मी माफीचं पत्र द्यावं आणि यापुढे कमिटीला विचारल्याशिवाय मुलांना काही दाखवू नये. नाहीतर वर्ग बंद. अध्यक्षांच्या खुर्चीत बाबा होते.

मी उठून उभी राहिले. मी म्हटलं, "माफी मागायची तर चूक सांगा. कोल्हा देव असतो असं मी एकाही मुलाला शिकवलेलं नाही. विचारा त्यांना. गोष्टीतली आजी काय करते ते त्यांनी बघितलं आणि काढलं. चार वर्षं या भिंतीवर खोटे डोंगर लटकत होते, तेव्हा कुणी मीटिंग घेतली नाही."

"पण त्या कार्टूनातून पोरांवर संस्कार काय व्हायचा?" सेक्रेटरी म्हणाले.

"संस्कारासाठी दाखवतच नाही. मला आवडतं म्हणून दाखवते."

कुणीतरी हसलं. मागून एकजण म्हणाला, "गुरुजी, हिचं लगीन करून टाका, आपोआप सुटंल." बायकांच्या बाजूने माझ्या आईचा आवाज आला, "लग्नाचा हितं काय संबंद? चित्राचं बोला."  बाबा सगळा वेळ समोरच्या कागदाकडे बघत होते. शेवटी त्यांनी ठराव वाचला, हात मोजले आणि सांगितलं की माफीचं पत्र येईपर्यंत वर्ग बंद. तोच आवाज, ज्यात ते शाळेत हजेरी घ्यायचे.

चित्रं मी स्वतः उतरवली. घरी येईपर्यंत दम धरला आणि मग मोरीत जाऊन तोंड धुण्याच्या नावाखाली रडून घेतलं. डोळे पुसून बाहेर आले आणि बाबांना म्हटलं, "रविवारी वर्ग आपल्या पडवीत घेणार."

"घर माझं आहे."

"माझंही आहे."

रविवारी मी पडवीत ताडपत्री अंथरली, स्टुलावर लॅपटॉप ठेवला. पंधरातली अकरा मुलं आली. चौघांना घरून सोडलं नव्हतं. कोल्हेवाली मुलगी आली होती. बाबा रोजच्या जागी खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत होते, म्हणजे बरोबर लॅपटॉपच्या समोर.

"बाबा, खुर्ची मागे घ्या. मुलांना दिसत नाही."

वर्तमानपत्र खाली आलं. "कितवा भाग?"

"तिसरा." मुद्दामच तिसरा. दुसरा कुठलाही लावला असता तर ती माफीच झाली असती.

"ताईत आला की थांबव. मला मुलांशी बोलायचंय."

अकरा माना माझ्याकडे वळल्या. या माणसाने खडू हातात घेतला की वर्ग चिडीचूप झालेला मी स्वतः बघितलाय, मी त्याच वर्गात बसायचे. 

"थांबवणार नाही," मी म्हटलं. "संपल्यावर बोला. कितीही वेळ बोला, मी मध्ये तोंड घालणार नाही."

त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. ओरडतील असं वाटलं. मग उठले, खुर्ची उचलली आणि मुलांच्या मागे नेऊन ठेवली. मी भाग लावला. ताईत आला तेव्हा ताईतच म्हटलं, देवाला देव म्हटलं. 

भाग संपला आणि बाबा पुढे आले. अर्धा तास बोलले. माणूस घाबरला की दगडाला हात जोडतो, असं म्हणाले, आणि घाबरलेल्या माणसाला हसायचं नाही, पण त्याच्या मागेही जायचं नाही. त्यातलं बरंचसं मला पटलं, काही अजिबात पटलं नाही. त्या आजीला त्यांनी अडाणी म्हटलं, ते मला लागलं. पण शब्द दिला होता, गप्प बसले. मुलं मात्र गप्प नव्हती. कोल्हेवाली म्हणाली, "गुरुजी, ती आजी अडाणी नाय, तिला नातीची काळजी हाय." बाबांनी तिचं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं.

विहारातला वर्ग अजून बंदच आहे. माफीचं पत्र मी दिलेलं नाही आणि देणार नाही.

मुलं गेल्यावर मी ताडपत्री झटकत होते. बाबा पायरीवर चपला घालत होते. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "पुढच्या रविवारी चौथा?"

"हो."

"त्यात काय आहे?"

"सांगणार नाही," मी म्हटलं. "बघायला बसा."