करून झालं की येतो

“करून झालं की येतो.”

माझ्या दुकानातून निघताना काका दर वेळी हेच म्हणायचे. केबिन रोडवर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. लोक येतात, आधार कार्ड पुढे करतात, घाईत असतात आणि काही न बोलता जातात. काका बायबल घेऊन यायचे. त्यातलं एक, फक्त एकच पान ए-थ्री कागदावर मोठं करून घ्यायचे, गुंडाळी काखेत मारायचे आणि हे वाक्य म्हणून निघायचे. पुढच्या पानासाठी कधी चार दिवसांनी उगवायचे, कधी महिन्याने.

काका मूळचे तारोडीचे. जन्मभर होड्यांची इंजिनं दुरुस्त केली. बायको गेल्यावर इथे नवघरला लेकीकडे राहायला आले, ते बायकोचं बायबल बरोबर घेऊनच. त्यातलं अक्षर मुंगीएवढं आणि काकांची नजर अधू.

“चर्चला जन्मभर ऐकलं, बाय. स्वतः उघडून कधी बघितलं न्हवतं. ती रोज वाचायची. काय वाचायची ते तरी बघू.”

मी तशी फटकळ. एकदा म्हटलंच, “काका, सगळं एकदम मोठं करून स्पायरल मारून देते. सारख्या चकरा कशाला? नाहीतर मोबाइलवर घ्या, अक्षर हवं तेवढं मोठं होतं.”

“मोबाइलात पान पुढं जातं, मी न्हाय जात,” ते म्हणाले. “इंजिन खोललं की पुस्तकात बघून एक काम करायचं. ते झालं की पुढचं बघायचं. घाई केली की शेवटी चार नट हातात ऱ्हातात.”

म्हातारा जरा सरकलाय, असं मी त्या दिवशी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं.

काकांनी येशूच्या कथेपासून, नव्या करारापासून सुरुवात केली होती. त्याचं पहिलं पान तर नुसत्या नावांचं होतं. अमक्याचा मुलगा तमका, त्याचा मुलगा तमका. मी म्हटलं, यात करण्यासारखं काय आहे, सोडून द्या. काका पंधरा दिवसांनी आले ते लेकीच्या बिल्डिंगमधल्या सगळ्या घरांची नावं पाठ करून. “देवानं एवढी नावं लिहून ठेवली, आणि मी शेजाऱ्याला बी-विंगवाला म्हणतो. बरं दिसतं का?” वॉचमनच्या गावाकडच्या मुलीचं नावसुद्धा त्यांना ठाऊक झालं होतं. माझंही नाव त्यांनी नीट विचारून घेतलं आणि हाक मात्र शेवटपर्यंत ‘बाय’ अशीच मारली.

मग ते एक पान आलं. वरच्या अर्ध्या भागात होतं, भावाबंधाला अपशब्द बोलू नये. ते दहा दिवसांत जमलं. रिक्षावाल्यांशी बोलताना शिवी तोंडाशी आली की काका नुसते खाकरायचे. खालच्या अर्ध्यावर मात्र गाडी अडली, ती सात महिने अडली.

काका पान घेऊन यायचे, स्टुलावर बसायचे, चहा घ्यायचे. पुढचं पान मागायचे नाहीत. हळूहळू कळलं की तारोडीला त्यांचा धाकटा भाऊ आहे आणि दोघांत सोळा वर्षं बोलणं नाही. भावाच्या होडीचं इंजिन काकांनी दुरुस्त करून दिलं होतं, ते भर समुद्रात बंद पडलं. दुसऱ्या होडीने ओढून आणताना भावाचा हात दोरात सापडला आणि दोन बोटं गेली. तेव्हापासून भाऊ समोर आला तरी मान फिरवून जायचा.

“लई गर्विष्ठ,” काका म्हणायचे. “मी त्याला माफ करायला तयार हाय. त्यानं यायला नको?”

लेक सांगायची की बाबा हल्ली चर्चमध्ये अगदी मागच्या बाकावर बसतात, वेदीकडे जातच नाहीत. माणूस वाळत चालला होता. मला कळवळा यायचा आणि रागही यायचा. एका पानापायी कोण एवढं करून घेतं?

एके दिवशी सकाळी मी शटर वर करतेय तोच काका हजर. पान काउंटरवर पसरलं आणि खालच्या ओळीवर बोट ठेवलं. “माझ्या डोळ्यांवर भरवसा न्हाय. तू वाच.”

मी वाचलं. वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी त्याच्याकडे जा, अशा अर्थाचं होतं.

“राग कुणाच्या मनात हाय म्हणतंय?”

“भावाच्या.”

“माझ्या न्हाय?”

“नाही काका.”

काकांनी पान पुन्हा गुंडाळलं. मग म्हणाले, “डिझेलच्या पाइपाची क्लिप मी आवळायची विसरलो होतो, बाय. होडी किनाऱ्याला आणल्यावर गुपचूप आवळली. इंजिन जुनं होतं म्हणून गावात सांगितलं.” आणि तसेच उठून तारोडीची बस पकडायला गेले. त्या दिवशी ‘येतो’ म्हणायचंही त्यांना सुचलं नाही.

तीन दिवस माझं कामात लक्ष नव्हतं. चौथ्या दिवशी आले आणि सगळं सांगितलं. भाऊ अंगणात जाळं सांधत बसला होता. काकांनी उभ्या उभ्या क्लिपचं सांगितलं. भाऊ जाळ्यातून मान वर न करता म्हणाला, “मला ठावं हाय. तू आवळताना मी बघितलं. तू कवा सांगतोस त्याची वाट बघत होतो.”

“सोळा वर्षं त्यानं गावात कुणाला सांगितलं न्हाय,” काका म्हणाले. “सांगितलं असतं तर मला कुणी इंजिनाला हात लावू दिला नसता. माझं घर त्याच्या गप्प बसण्यावर चाललं. आणि मी त्याला माफ करायला निघालो होतो.” ते रडत होते. मीही रडले, लाज कसली त्यात. मग त्यांनी डोळे पुसले आणि पुढचं पान काढायला सांगितलं.

नंतर वर्षभर काकांचा मुक्काम निम्मा नवघरला, निम्मा तारोडीला. एका पानावर होतं की कुणी एक कोस न्यायला लावलं तर दोन कोस जावं. तेव्हा पत्ता विचारणाऱ्याला काका थेट त्याच्या दारापर्यंत सोडून यायचे आणि इकडे लेक जेवणाचं ताट झाकून बसायची. होळीनंतर तारोडीलाच, भावाच्या घरी, झोपेत गेले. मला त्यांची इतकी सवय झाली होती की बरेच दिवस स्टुलावर मी कुणाला बसू दिलं नाही.

गेल्या महिन्यात एक उंच म्हातारा दुकानात आला. आधी मी बायबल ओळखलं. मग ते काउंटरच्या काचेवर दाबून धरणारा हात बघितला. त्याला दोन बोटं नव्हती.

“कुठवर आला होता तो?”

मी पान उघडून दाखवलं. “तुम्हाला सुरुवातीपासून देऊ ना?”

“न्हाय. त्याचं जिथं ऱ्हायलं तिथनं दे. एकच.”

मी कॉपी काढून गुंडाळी करून दिली. त्यांनी ती काखेत मारली. मी सवयीने बोलून गेले, “वाचून झालं की या.”

पायरीवर ते थांबले. “वाचून न्हाय, बाय. करून झालं की येतो.”

अजून आलेले नाहीत. ते पान मी कॉपी काढताना वाचलंय. त्यात वैऱ्यावर प्रेम करायला सांगितलंय. वेळ लागेल, पण येतील.